तोच नदीकाठ, तीच पोरं, दर महिन्याला

नोव्हेंबर लागला की फोनवर पोस्टरं यायला सुरुवात होते. पक्षी सप्ताह! ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा, आणि या दोन तारखांमधला आठवडा आपल्या सरकारने २०२० मध्ये पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला. कल्पना झकासच आहे. एक माणूस नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात वर्षानुवर्षं राहिलेला वनाधिकारी, दुसरा मुंबईच्या खेतवाडीत वाढलेला पक्षिशास्त्रज्ञ, आणि दोघांमुळे किती लोकांना मान वर करून झाडाकडे बघायची सवय लागली. पण होतं काय की त्या आठवड्यात शाळाशाळांत चित्रकला स्पर्धा, रॅली, शपथ, पाहुणे यायला उशीर म्हणून पोरं मैदानात ताटकळत, मग बारा वाजता उन्हात "पक्षी वाचवा" अशा घोषणा, ज्या वेळेला एकही शहाणा पक्षी बाहेर फिरत नसतो. आणि १३ तारखेला बॅनर गुंडाळून कपाटावर, ते थेट पुढच्या नोव्हेंबरला खाली.

मी नाशिकला राहते. आमचा एक छोटा ग्रुप आहे, नाव वगैरे काही नाही, व्हॉट्सॲपवर सुद्धा नुसतं "रविवार पक्षी" असं आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला गोदाकाठचा एक तुकडा आम्ही चालतो, पोरं असतात, त्यांचे आईबाप असतात, दोनतीन रिटायर्ड मंडळी असतात. आणि जागा कायम तीच. यावरून दर महिन्याला कुणीतरी कुरकुरतंच, "अहो परत तिथेच? यावेळी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जाऊ ना, नाहीतर पांडवलेणी." मी नाही म्हणते आणि थोडी वाईट होते. पण या एका बाबतीत मी हट्टी आहे, कारण माझं ठाम मत झालंय की नवीन जागी गेलं की पोरं पक्षी बघतात, आणि त्याच जागी परत परत गेलं की पोरं प्रश्न विचारतात.

आता हे नुसतं बोलायला बरं वाटतं म्हणून सांगत नाही. धोबी पक्ष्याचंच घ्या. ऑक्टोबरमध्ये पाण्याच्या कडेला शेपटी वरखाली करत पळणारे धोबी दिसायला लागतात, पांढरा, करडा, पिवळा. कुठल्याही वॉकला दिसतात, नाव सांगितलं, वहीत लिहिलं, संपलं. पण एप्रिलच्या वॉकला आमच्यातला एक पाचवीतला मुलगा वही उघडून म्हणाला की ताई धोबी कुठेत, मागच्या वेळेला पण कमीच होते. बस. हा प्रश्न पिकनिकला येऊच शकत नाही, कारण "नाहीये" हे कळायला आधी "होतं" हे माहीत लागतं. मग त्याला सांगितलं की हे आपल्याकडे फक्त हिवाळ्यापुरते येतात, हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे मध्य आशिया, सायबेरिया असं कुठेकुठे जाऊन अंडी घालतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला परत येतात, तर तो जरा रागावलाच, म्हणे मग आपले कसे ते. यावर रिटायर्ड मंडळींमध्ये जी चर्चा रंगली ती चहा संपेपर्यंत चालली.

आमचा काठ काही फार देखणा नाही हं. वरून कुठूनतरी सांडपाणी येतं, निर्माल्याच्या पिशव्या असतात, आणि बऱ्याच महिन्यांत पाण्यावर जलपर्णीची गादी पसरलेली असते. पण ढोकरी आहे, पाणकावळे आहेत, खंड्या तारेवर बसलेला सापडतोच, शराटी येतात, टिटवी तर आम्हाला बघून आख्ख्या नदीला सावध करते. जलपर्णीवरून जांभळ्या पाणकोंबड्या लांब बोटं टाकत आरामात फिरतात. त्यामुळे पोरांनी आधी जाहीर करून टाकलं की जलपर्णी चांगली! मग पुढच्या एका वॉकला, पाणी मोकळं झालेलं असताना, टिबुकली बुडी मारताना दिसली, परत वर आली, परत बुडी, आणि एका मुलीच्या डोक्यात आपोआप उजेड पडला की हिला झाकलेलं पाणी चालणार नाही. मी स्लाइड दाखवून जलपर्णीचे दुष्परिणाम सांगितले असते तर ते शाळेतल्या निबंधात गेलं असतं आणि तिथेच राहिलं असतं.

नांदूर मधमेश्वरला आम्ही वर्षातनं एकदा जातो, डिसेंबर किंवा जानेवारीत, आणि तेवढी सूट मी स्वतःला देते कारण ती जागा सुद्धा शिकवते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे एकत्र येतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, शेतीच्या पाण्यासाठी. पुढे त्यात गाळ साचत गेला, उथळ पाणी, मध्ये बेटं, पाणवनस्पती, आणि इंजिनियरच्या दृष्टीने जे बिघडत गेलं ते बदकांच्या दृष्टीने फार छान झालं. १९८६ ला अभयारण्य, २०२० ला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाच्या यादीत नोंदलेली महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहिलं की थापट्या, तलवार बदक, गडवाल, चक्रवाक, वारकरी पक्षी तर इतके की मोजायचा कंटाळा यावा, चमचे आपली चपटी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवत असतात, आणि मध्येच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला की आख्खं पाणी उठतं.

पण मला तिथे सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? तिथले गाईड. आजूबाजूच्या गावातलीच पोरं, वनखात्याने तयार केलेली, टेलिस्कोप खांद्यावर. त्यांना पुस्तकातलं इंग्रजी नाव येतं, मराठी येतं, आणि शिवाय "हा ना मॅडम, हा रोज साडेसातला त्या बाभळीवर येतो" हे येतं. ते तिसरं कुठल्याच ॲपमध्ये नाही. मागे तिथे एक मोठ्या लेन्सवाले साहेब भेटले होते, ते गाईडला म्हणत होते जरा टाळी वाजव ना, उडतानाचा फोटो हवाय. गाईडने शांतपणे सांगितलं की सर बसलेलेच छान दिसतात. आमच्या पोरांनी हे ऐकलं, आणि पक्ष्यांना त्रास देऊ नये यावरचं माझं पाच मिनिटांचं भाषण टळलं.

निफाड म्हणजे द्राक्षं हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे तिथे शेतकऱ्यांशी बोललं की पक्षीप्रेमाला दुसरी बाजू लगेच कळते. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, आणि बाकीची मंडळी तयार मालावर आली की नुकसान होतं, त्यात वादच नाही, लोक जाळ्या लावतात, फटाके वाजवतात, डबे वाजवतात. याच भोरड्या नाकतोडे आणि टोळ पण प्रचंड खातात. हे दोन्ही पोरांना सांगायचं. नुसतं "पक्षी शेतकऱ्याचे मित्र" असं सांगून मोकळं व्हायचं नाही, कारण आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या पोरांचे आजोबा द्राक्षवाले आहेत, ती पोरं लगेच पकडतात.

फेब्रुवारीत आम्ही मोजणी करतो, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. अमेरिकेत १९९८ ला सुरू झालं, आपल्याकडे २०१३ पासून चालू आहे. चार दिवस असतात, कुठेही उभं राहून किमान पंधरा मिनिटं जे दिसेल, जे ऐकू येईल ते मोजायचं आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकायचं. शाळेसाठी यापेक्षा सोपा उपक्रम मला तरी माहीत नाही, बस नको, परवानगी नको, ग्राउंडवर उभं राहायचं. पहिला प्रश्न कायम एकच येतो, कावळे पण मोजायचे का? हो बाबा, कावळे पण, पारवे पण, साळुंक्या पण. यावर पोरांचा विश्वास बसत नाही, त्यांना वाटतं दुर्मिळ काहीतरी दिसलं तरच लिहायचं. पण गंमत अशी की देशातल्या पक्ष्यांचं काय चाललंय याचा जो मोठा अहवाल २०२३ ला आला तो अशाच नोंदींवर उभा आहे, तीस हजारांहून जास्त हौशी लोकांच्या, त्यात ९४२ जाती तपासल्यात. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळाचा कल काढता आला त्यातल्या ६० टक्के कमी होतायत. हे आकडे दुसरी-तिसरीतल्या पोरांना सांगत नाही मी, पण मोठ्यांना आवर्जून सांगते, कारण मोठ्यांना वाटतं की हे सगळं पोरांना बिझी ठेवायला आहे.

आणि चिमणी! प्रत्येक सोसायटीत एक काका असतातच जे म्हणतात की मोबाईल टॉवरमुळे चिमण्या संपल्या. आधीच्या, म्हणजे २०२० च्या अहवालात देशपातळीवर चिमण्यांची संख्या साधारण टिकून असल्याचं दिसलं, कमी झाल्या त्या मोठ्या शहरांत. मग शहरात का, तर त्यांना घरट्याला भोकं लागतात, पिल्लांना भरवायला किडे लागतात, आपल्या काचेच्या बिल्डिंगा आणि फवारलेल्या लॉनवर दोन्ही नाही. हे सांगितल्यावर काकांचा चेहरा जरा पडतो खरा, पण पुढच्या वेळेला तेच बाल्कनीत लाकडी खोकं लावून त्याचा फोटो ग्रुपवर टाकतात.

जानेवारीत संक्रांतीच्या आधी मांजा. हे नाशिकला आणि त्यातून येवल्याला फार जवळचं आहे, येवल्याची पतंगबाजी बघायला लोक लांबून येतात. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी मिळतो, आणि संक्रांतीनंतर महिनाभर झाडांमध्ये अडकलेला राहतो, घारी, बगळे, घुबडं त्यात लटकतात. यावर पोरांना उपदेश केला तर ती ऐकतात आणि विसरतात. आम्ही फक्त संक्रांतीनंतरच्या वॉकला हातमोजे घालून पोहोचेल तेवढा मांजा गोळा करतो, एक पिशवी भरते, आणि ती पिशवी एक आई शाळेत घेऊन गेली होती. तिथे पुढे काय झालं ते माहीत नाही, पण त्या वर्गातली दोन पोरं पुढच्या महिन्यात आमच्याकडे आली.

आता जरा अवघड भाग. तुम्ही कितीही गोड पक्षी दाखवा, लोकांच्या मनातला खरा प्रश्न वेगळाच असतो आणि ओळख झाल्यावरच तो बाहेर येतो. आमच्याकडे तो एका आजोबांनी विचारला. "हे सगळं ठीक आहे हो, पण आमच्या मळ्यात बिबट्या येतो त्याचं काय करायचं?" सिन्नर, निफाड, दिंडोरी, कुठेही जा, उसात बिबट्या आहे, शहरात सुद्धा अधूनमधून कुणाच्या तरी पार्किंगच्या सीसीटीव्हीत दिसतो. ज्यांच्या घरातलं लेकरू गेलंय त्यांच्यापुढे जाऊन सहजीवनावर भाषण द्यायला तोंड उचलत नाही, आणि उचलूही नये. पण माहिती द्यायलाच हवी. लोकांची पहिली मागणी असते पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा. जुन्नर भागात हेच केलं होतं, दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला, बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलात सोडले, आणि बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ ला जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात दिसलं की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. जनावर अनोळखी जागेत सोडलं की ते बिथरतं, परतीच्या वाटेला लागतं, मधल्या गावांना त्रास. हे ऐकून आजोबा गप्प बसले नाहीत, म्हणाले मग आम्ही काय करायचं ते सांगा.

तर तेच आम्ही सांगतो. अंधार पडल्यावर लहान पोराला एकटं अंगणात सोडायचं नाही, संडासला रात्री एकटं जायचं नाही, बॅटरी आणि मोबाईलवर गाणी, शेतात वाकून काम करताना सोबत कुणीतरी उभं, गोठा बंदिस्त, कोंबड्यांची घाण आणि हॉटेलचं खरकटं लांब, कारण त्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांच्या मागे तो येतो. दिसला तर घोळका करून पाठलाग करायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणी पाळत नाही. मुंबईत संजय गांधी उद्यानाच्या भोवती वनखात्याने २०११ पासून लोकांना सोबत घेऊन असंच काम केलं, मुंबईकर्स फॉर एसजीएनपी म्हणून. तिथे पोलीस, पत्रकार, शाळा, सोसायट्या सगळ्यांना बसवून बोलले. आमच्या वॉकला त्यानंतर बिबट्या हा विषय निघाला नाही असा महिना आठवत नाही.

सापांचं पण तसंच. पावसाळ्यात वॉक रद्द झाला की आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसतो आणि फोटो दाखवतो, नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार ओळखायचे, आणि मण्यार समजून मारला जाणारा बिचारा कवड्या. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे पुसट होत जातात, कवड्याचं उलटं, मानेपासूनच पट्टे. अर्थात हे ओळखायला कुणी जवळ जायचं नाही! लांब राहायचं, सर्पमित्राला फोन करायचा. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हातपाय हलवायचा नाही आणि सरळ सरकारी दवाखाना, विषावरचं इंजेक्शन तिथे मिळतं. या सत्राला पक्ष्यांच्या वॉकपेक्षा तिप्पट गर्दी होते. सोसायटीचे वॉचमन, भांडीवाल्या मावशी, डिलिव्हरीवाली पोरं, ज्यांना आम्ही एरवी बोलवायला विसरतो ते सगळे तिथे असतात, आणि सगळ्यात चांगले प्रश्न त्यांचेच.

मोठ्यांना शिकवण्यावरून एक आठवलं. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आहेत. पोरांना गिधाड दाखवून काय होणार, पोरं थोडीच गुरांना औषध देतात? गिधाडं देशभर जवळजवळ संपली ती डायक्लोफेनॅकमुळे, गुराला वेदनेसाठी दिलेलं औषध, ते जनावर मेलं, गिधाडाने खाल्लं, मूत्रपिंड निकामी. २००६ ला जनावरांसाठी बंदी आली. ही गोष्ट सांगायला हवी गोठेवाल्यांना आणि मेडिकलवाल्यांना. निसर्ग शिक्षण म्हटलं की आपण लगेच शाळेत का पळतो कळत नाही मला. सोपं पडतं म्हणून असेल, पोरं हात बांधून बसलेली असतात.

जून मात्र माझा लाडका महिना. पावशा "पेरते व्हा" करत असतो आणि चातक आफ्रिकेकडून येऊन पोहोचतो, काळापांढरा, डोक्यावर तुरा. आमच्यातल्या एका आजींनी चातक आयुष्यभर गाण्यात आणि गोष्टीत ऐकला होता, प्रत्यक्ष बघितला नव्हता. दुर्बिणीतून दाखवला तर म्हणाल्या, "हा होय? मला वाटलं मोठा असेल." आणि हा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकतो, स्वतः वाढवत नाही, असं कळल्यावर तर त्यांचं मन पार उतरलं त्याच्यावरून. सातभाईंची बाजू घेऊन त्या अजून भांडतात.

कुणाला स्वतःच्या भागात असं सुरू करायचं असेल तर फार तयारी करू नका. चालत जाता येईल अशी जागा निवडा, जवळ संडास असेल असं बघा, बायका आणि लहान पोरं त्यावरच ठरवतात यायचं की नाही. दुर्बीण एक असली तरी चालतं, ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी घ्या, जास्त झूमच्या मागे लागू नका, पोरांचे हात हलतात आणि काहीच दिसत नाही. आवाज ओळखायला मर्लिन ॲप ठेवा पण आधी कानाने ओळखा मग ॲप उघडा, आणि फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं तर अजिबात नाही, विणीच्या दिवसांत तो बिचारा आपली हद्द राखायला धावत येतो आणि घरटं उघडं पडतं. जमिनीवर अंगावर पिसं आलेलं पिल्लू दिसलं की लगेच खोक्यात घालून घरी आणायचं नाही, आईबाप जवळच असतात, मांजर-कुत्र्यापासून जरा उंच झुडपात ठेवायचं आणि लांब व्हायचं. यादी करा, पण कुणाची यादी मोठी यावर बक्षीस ठेवू नका, दुसऱ्याच महिन्यात पोरं न बघितलेले पक्षी लिहायला लागतात आणि त्यात आईबाप पोरांच्या पुढे असतात.

खाऊ मात्र हवाच. आमच्याकडे पोहे असतात, आणि डबे कागदी नकोत, ज्याने त्याने आपली ताटली आणायची. येत्या रविवारी साडेसहाला. पाऊस असला तर पार्किंगमध्ये, साप.